मत्स्यन्याय, यज्ञचक्र आणि क्रिल

मोठा मासा लहान माशाला खातो, हे निरीक्षण भारतीय नीतिविचारात फार जुने आहे. शतपथ ब्राह्मणात मनूच्या हाती लागलेला चिमुकला मासा संरक्षण मागतो ते याच कारणाने: आम्ही लहान असतो तोवर आमच्याच जातीतल्या मोठ्यांपासून आम्हांला धोका असतो, असे तो सांगतो. पुढे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आणि महाभारताच्या शांतिपर्वात या निरीक्षणाचा ‘मत्स्यन्याय’ झाला. दंड धरणारा राजा नसेल तर बलवान दुर्बलांना गिळून टाकतील, म्हणून राजा हवा, असा तो युक्तिवाद. त्यात पाणी म्हणजे अराजक, आणि धर्म म्हणजे त्या अराजकाला घातलेला बांध.

भागवताच्या पहिल्या स्कंधात हाच विचार वेगळ्या स्वरात येतो. हात नसलेले जीव हात असलेल्यांचे भक्ष्य होतात, पाय नसलेले चतुष्पादांचे, लहान मोठ्यांचे. एकाच्या जगण्याला दुसऱ्याचा देह लागतो, असे नारद युधिष्ठिराला समजावतात. हे वचन पुढे मांसाहाराच्या आणि कधीकधी सरळ दांडगाईच्या समर्थनासाठी पुढे केले गेले. त्याचा मूळ प्रसंग मात्र शोकाचा आहे. धृतराष्ट्र आणि गांधारी कोणाला न सांगता विदुराबरोबर निघून गेले आहेत, आपल्यावाचून त्यांचे कसे होईल या चिंतेने युधिष्ठिर व्याकूळ झाला आहे, आणि तू त्यांचा पोशिंदा नव्हेस, सारे जीव एका मोठ्या व्यवस्थेत बांधलेले आहेत, हे नारदांना त्याला पटवायचे आहे. सांत्वनासाठी उच्चारलेल्या वाक्यातून खाण्याचा परवाना काढणे हा अर्थाचा विपर्यास आहे.

वनपर्वातला मिथिलेचा धर्मव्याध याहून पुढे जातो. मांसविक्री करणारा हा माणूस कौशिक ब्राह्मणाला सांगतो की नांगराच्या फाळाखालीही असंख्य जीव मरतात, धान्याच्या दाण्यातही जीव असतो, जमीन आणि पाणी दोन्ही जीवांनी भरलेले आहे. पूर्ण अहिंसक असा देहधारी कोणी नाही. भारतीय परंपरेत हिंसेच्या प्रश्नाला इतक्या प्रामाणिकपणे भिडणारे संवाद थोडे आहेत.

या साऱ्या चर्चेत समुद्र आणि मासे येतात ते दृष्टान्तापुरते. दृष्टान्त खरा आहे की नाही हे तपासण्याचे साधन तेव्हा नव्हते. आज ते काही प्रमाणात आहे. म्हणून प्रश्न नव्याने मांडता येतो. समुद्रातले खाणे हा निव्वळ बळाचा व्यवहार आहे, की त्यात घेण्याइतकेच परत देण्यालाही स्थान आहे? आणि तसे असेल तर त्यातून माणसावर काही कर्तव्य येते का? या प्रश्नाचा एक मोलाचा धागा समुद्रापासून दूर, खानदेशात, धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विणला गेला. तो समजून घेण्यासाठी आधी दक्षिण महासागरातल्या एका लहान जिवाकडे जावे लागते.

अंटार्क्टिक क्रिल हा कोळंबीसारखा दिसणारा कवचधारी प्राणी. पूर्ण वाढल्यावर त्याची लांबी सुमारे ६ सेंटिमीटर आणि वजन एक ते दोन ग्रॅम. जगात क्रिलच्या ८५च्या आसपास जाती आहेत, पण अंटार्क्टिकाभोवतीच्या या एकाच जातीचे एकूण वजन ३० ते ५० कोटी टनांच्या घरात असावे असे अंदाज आहेत. वन्य प्राण्यांच्या फार थोड्या जातींच्या वाट्याला एवढा देहसंभार आला आहे. क्रिल प्रचंड थव्यांनी राहतो. दाट थव्यात एका घनमीटर पाण्यात हजारो जीव असतात. निळा देवमासा, ॲडेली पेंग्विन, खेकडेखाऊ म्हणून ओळखला जाणारा पण प्रत्यक्षात क्रिलवरच पोसणारा सील, फर सील, अनेक समुद्रपक्षी आणि मासे या सर्वांचे पोट थेट क्रिलवर आहे. सूर्यप्रकाशावर वाढणाऱ्या सूक्ष्म वनस्पतिप्लवकापासून पृथ्वीवरच्या सर्वांत मोठ्या प्राण्यापर्यंतचे अंतर येथे अवघ्या दोन पायऱ्यांत संपते. मत्स्यन्यायाच्या चित्रात लहानाला थोडा मोठा, त्याला आणखी मोठा अशी उतरंड असते. दक्षिण महासागरात सर्वांत मोठा प्राणी मधले सगळे थर ओलांडून सर्वांत लहानांपैकी एकाकडे जातो.

क्रिलचे वसतिस्थान नकाशावर रेघ मारून दाखवता येत नाही, कारण ते अनेक परिस्थितींच्या जुळणीतून तयार होते. पहिली गोष्ट प्रवाहांची. अंटार्क्टिका खंडाभोवती पश्चिमेकडून पूर्वेकडे अखंड फिरणारा परिध्रुवीय प्रवाह खोल पाण्यातील पोषकद्रव्ये वर आणतो आणि क्रिललाही वाहून नेतो. साउथ जॉर्जिया बेटाजवळ हजारो पेंग्विन आणि सील क्रिलवर जगतात, पण तिथला क्रिल मुख्यतः तिथे जन्मत नाही. तो अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या बाजूने प्रवाहाबरोबर येतो. ज्या वर्षी हा पुरवठा आटतो, त्या वर्षी बेटावरच्या सीलांची आणि पेंग्विनांची पिल्ले उपाशी मरतात. शेकडो कोस दूर, क्रिल जिथे वाढतो तिथला बर्फ कमी झाल्याची किंमत ज्यांनी तो बर्फ पाहिलाही नाही अशा पिल्लांना मोजावी लागते.

दुसरी गोष्ट खोलीची. क्रिलची मादी उन्हाळ्यात हजारो अंडी पाण्यात सोडते आणि ती बुडत बुडत सातशे-हजार मीटर खाली जातात. वाटेत ती खोल, तुलनेने उबदार पाण्याच्या थरातून जातात, तिथे त्यांची वाढ वेगाने होते, आणि अंडी फुटल्यावर पिल्ले काळोखातून वर पोहू लागतात. या चढाईत ती काही खात नाहीत. अंड्यातून मिळालेल्या शिदोरीवरच ती पृष्ठभाग गाठतात. उथळ पाण्यात घातलेली अंडी तळाला टेकून तिथल्या प्राण्यांच्या तोंडी पडण्याची शक्यता मोठी असते. म्हणजे या जातीचे भवितव्य ज्या पाण्यात ती प्रौढपणी दिसते त्याच्यावर जेवढे, तेवढेच जे पाणी तिला अंडे असताना भेटते त्याच्यावर अवलंबून आहे. खोल पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड आधीच जास्त असतो; तो आणखी वाढला तर अंडी फुटण्याचे प्रमाण घटते, असे प्रयोगांत दिसून आले आहे.

तिसरी गोष्ट बर्फाची, आणि ती सर्वांत महत्त्वाची. अंटार्क्टिकाभोवतीचा समुद्र दर हिवाळ्यात गोठतो. सप्टेंबरात हा सागरी बर्फ सुमारे १८५ लाख चौरस किलोमीटरपर्यंत पसरतो आणि फेब्रुवारीत ३० लाखांच्या आसपास उरतो. या बर्फाच्या खालच्या अंगाला, भेगांत आणि खळग्यांत, शैवाल वाढते. पाण्यात अन्न जवळजवळ संपलेले असते त्या काळोख्या महिन्यांत क्रिलची पिल्ले हे शैवाल खरवडून जगतात. प्रौढ क्रिल आणखी एक गोष्ट करू शकतो: उपासमारीत तो कात टाकतो आणि आधीपेक्षा लहान होतो. प्रयोगशाळेत काही क्रिल २०० हून अधिक दिवस अन्नावाचून जगले आहेत. पिल्लांना मात्र हे जमत नाही. त्यांना बर्फ लागतोच. २०२३च्या फेब्रुवारीत सागरी बर्फ १८ लाख चौरस किलोमीटरच्याही खाली गेला, आणि त्याच वर्षीच्या हिवाळ्यातला विस्तारही उपग्रह नोंदींच्या काळातला नीचांकी ठरला. अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या पश्चिमेला बर्फाचा हंगाम त्याआधीपासूनच आखूड होत आला आहे. नैर्ऋत्य अटलांटिक भागात क्रिल गेल्या काही दशकांत दक्षिणेकडे, थंड पाण्याकडे सरकला असल्याचे आढळले आहे. त्याची एकूण संख्या किती घटली याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. उबदार, कमी बर्फाच्या भागात त्याची जागा पुष्कळदा साल्प हे पारदर्शक, पाणीदार प्राणी घेतात. साल्पही प्लवक खातात, पण त्यांच्या देहात पोषण थोडे असते. त्यांना खाऊन पेंग्विनाचे पोट भरेल, पिल्लू वाढणार नाही.

चौथी गोष्ट लोहाची. दक्षिण महासागरात नायट्रेट आणि फॉस्फेट मुबलक असूनही पुष्कळ भागांत प्लवक अपेक्षेइतके वाढत नाही, कारण पाण्यात लोह अत्यल्प आहे. वितळता बर्फ, तळावरचा गाळ, वाऱ्याने आलेली धूळ आणि खालून वर येणारे पाणी यांतून ते थोडेथोडे मिळते. मत्स्यन्यायाचा दृष्टान्त जिथे कोलमडतो ती जागा ही.

१९०४ साली साउथ जॉर्जियावर ग्रिटव्हिकेन येथे देवमाशांच्या शिकारीचे केंद्र उभे राहिले. त्यानंतरच्या सहा-सात दशकांत दक्षिण गोलार्धात सुमारे २० लाख देवमासे मारले गेले. त्यांत निळे देवमासे तीन लाखांहून अधिक होते. एवढे भक्षक नाहीसे झाल्यावर भक्ष्य वाढायला हवे. देवमासे खात होते तो क्रिल आता शिल्लक राहील आणि माणसाला खुशाल काढता येईल, असा हिशेब विसाव्या शतकाच्या मध्यावर गंभीरपणे मांडला जात होता. उलगडत गेलेले चित्र निराळे होते. क्रिलची भरभराट झाल्याचा पुरावा मिळाला नाही. काही भागांत घटच दिसली. या कोड्याला अनेक कारणे असतील, बदलते हवामानही त्यांत आले, पण त्याचे एक उत्तर देवमाशांच्या विष्ठेत सापडले आहे. तिच्यात आसपासच्या समुद्राच्या पाण्यापेक्षा लोहाचे प्रमाण सुमारे एक कोटी पट असते. देवमासा क्रिल खातो, स्वतःला नको असलेले लोह पृष्ठभागाजवळच्या उजेडातल्या पाण्यात सोडतो, त्यावर प्लवक वाढते, आणि ते प्लवक क्रिल खातो. क्रिलही तळाजवळ जाऊन खाल्लेले लोह वर आणून सोडतो. शिवाय त्याच्या विष्ठेच्या जड गोळ्या खोल बुडताना हवेतून समुद्रात आलेला कार्बन बरोबर नेतात. खाणारा नाहीसा झाला तेव्हा खाल्ले जाणाऱ्याचे अन्नही ओसरू लागले. देवमासा हा त्या समुद्रातला दांडगा लुटारू असता तर त्याच्या जाण्याने समुद्र समृद्ध झाला असता.

हा व्यवहार फक्त ध्रुवाकडचा नाही. अरबी समुद्रात नैर्ऋत्य मोसमी वारे पावसाळ्यात खालचे पोषक पाणी किनाऱ्याजवळ वर खेचतात. हिवाळ्यात ईशान्येकडून येणारे कोरडे वारे उत्तर भागातले पृष्ठजल थंड करतात; जड झालेले पाणी खाली जाते, थर मिसळतात आणि प्लवकाचा दुसरा बहर येतो. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील म. मधुप्रताप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली या हिवाळी बहराची कारणे मांडली. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर क्रिलचे काम बऱ्याच अंशी जवळा करतो. जवळा शास्त्रीय वर्गीकरणात क्रिल नव्हे, पण तितकाच लहान, थव्याने राहणारा आणि अनेकांचा घास असलेला. बोंबलाचे मुख्य खाद्य जवळा. भरती-ओहोटीची ओढ जोरात असते तेव्हा, उधाणाच्या दिवसांत, पालघर ते रायगडपर्यंतचे कोळी डोल जाळ्यात जवळा आणि बोंबील धरतात, आणि वाळवलेले बोंबील, सुकट, जवळा घाट चढून धुळे-जळगावच्या बाजारांत येतात. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला बंदी असते. नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा करून होड्या पाण्यात घालण्याची कोळ्यांची रीत याहून खूप जुनी आहे. खवळलेल्या समुद्रात जाणे धोक्याचे हे कारण त्यामागे आहेच, पण माशांच्या विणीच्या काळात हात आखडता घेण्याची शिस्तही त्यातून आपोआप पाळली जाते.

खानदेशातून समुद्राकडे जाणारे एक देणेही आहे. तापी मुलताईजवळ उगम पावून ७२४ किलोमीटरच्या प्रवासात जळगाव, धुळे, नंदुरबार ओलांडून सुरतेपलीकडे खंबातच्या आखाताला मिळते. धुळ्याची पांझरा तिला मुडावदजवळ भेटते. या खोऱ्यातला काळा बेसाल्ट झिजताना सिलिका पाण्यात विरघळते. ज्यांचे कवच सिलिकेचे असते ती डायटमसारखी सूक्ष्म शैवाले समुद्राच्या अन्नजाळ्याचा मोठा आधार आहेत. डोंगराची झीज ही अशी दूरवरच्या पाण्याची शिदोरी असते. १९७२ साली पूर्ण झालेले उकाई धरण आणि वरची लहानमोठी धरणे शेतीला पाणी देतात, तसाच गाळही अडवतात. धरणाचे मूल्यमापन करताना समुद्राच्या या वाट्याची नोंद सहसा कुठेच होत नाही.

आता धुळ्याचा तुरुंग. १९३२ साली सविनय कायदेभंगाच्या चळवळीत तेथे बंदिवान असलेल्या विनोबा भावे यांनी २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन दिले. अमळनेरच्या शाळेत शिक्षक राहिलेले साने गुरुजी श्रोत्यांत होते. ती प्रवचने त्यांनी टिपून घेतली म्हणूनच ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक आज हाती आहे. जूनमधल्या सतराव्या प्रवचनात विनोबांनी यज्ञ, दान आणि तप यांची जी फोड केली ती साधी आणि मूलगामी आहे. माणूस जन्मतो तो तीन संस्थांसह: देह, समाज आणि ही अफाट सृष्टी. तिन्ही वापरताना तिन्हींची झीज होते. सृष्टीची झीज भरून काढणे हा यज्ञ, समाजाची भरणे हे दान, देहाची भरणे हे तप. यज्ञात झीज भरण्याबरोबर शुद्धी आणि नवी निर्मितीही येते. यज्ञ म्हणजे कुंडात तूप ओतणे, या समजुतीला त्यांनी या मांडणीने केव्हाच मागे टाकले होते.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायातले चक्र याच अर्थाने वाचले तर त्यात आणि समुद्राच्या व्यवहारात एक ओळखीचा आकार दिसतो. प्राणी अन्नातून, अन्न पावसातून, पाऊस यज्ञातून, यज्ञ कर्मातून. हे फिरते ठेवण्यात जो आपला हात लावत नाही त्याचे जगणे फुकट, आणि जो केवळ आपल्यासाठी शिजवतो तो पाप खातो, असे गीता म्हणते. मत्स्यन्यायात फक्त खाणारा आणि खाल्ला जाणारा आहेत. यज्ञचक्रात तिसरी गोष्ट आहे, परत जाणारे. तैत्तिरीय उपनिषदाच्या भृगुवल्लीत अन्नाची निंदा करू नये, अन्न टाकू नये, अन्न वाढवावे, अशी व्रते सांगितली आहेत. त्यांतले तिसरे व्रत बहुधा दुर्लक्षित राहते. खाणाऱ्यावर अन्न वाढवण्याची जबाबदारी टाकणारी ही दृष्टी देवमाशाच्या उदाहरणाला मत्स्यन्यायापेक्षा कितीतरी अधिक जवळची आहे. शेणखत शेतात परत घालणाऱ्या शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

मात्र साम्याच्या मोहात एक घसरण आहे आणि ती टाळली पाहिजे. देवमासा यज्ञ करत नाही. त्याच्या विष्ठेतून लोह जाते त्यामागे कोणता संकल्प नाही. हिवाळ्यात आकसणारा क्रिल तप करत नाही. त्याला पर्यायच नसतो. निसर्गात एखादी गोष्ट घडते एवढ्यावरून ती करावी असे ठरत नाही. तसे ठरवायचे तर मत्स्यन्यायही तितकाच प्रमाण मानावा लागेल, कारण समुद्रात गिळणेही खरेच आहे. समुद्र माणसाला आदेश देत नाही. तो फक्त माणसाच्या एका समजुतीचा आधार काढून घेतो. ‘जग बळावर चालते, म्हणून आम्ही बळ वापरतो’ असे म्हणणाऱ्याला आता समुद्राचा दाखला देता येणार नाही. कर्तव्य येते ते दुसऱ्या वाटेने. चक्रातून बाहेर पडण्याची क्षमता ज्याला आहे आणि आपण बाहेर पडलो हे ज्याला कळते, त्याच्यावरच आत राहण्याचे बंधन येऊ शकते. असा प्राणी एकच आहे. म्हणून यज्ञ हे फक्त माणसाचे कर्म आहे.

हिंसेचा प्रश्न यानेही मिटत नाही, आणि जैन विचार तो मिटू देत नाही हे बरेच आहे. उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात परस्परांना साहाय्य करणे हे जीवांचे कार्य म्हणून सांगितले. भागवतातल्या वाक्याशेजारी हे वाक्य ठेवले की भारतीय विचाराचा पल्ला दिसतो. पण त्याच परंपरेत प्रत्येक जिवाचा वेगळा हिशेब मांडला जातो. सूत्रकृतांगात हस्तितापस नावाच्या तपस्व्यांचा उल्लेख आहे. अनेक लहान जीव मारण्यापेक्षा वर्षाला एकच हत्ती मारून त्यावर निर्वाह करावा, म्हणजे हिंसा कमी, असे त्यांचे म्हणणे. त्याच ग्रंथातला आर्द्रक मुनी ते मान्य करत नाही: संख्या कमी केल्याने मारणे निर्दोष होत नाही. आजच्या चर्चेत हाच युक्तिवाद उलटा करून येतो. अन्नसाखळीच्या प्रत्येक पायरीवर बहुतेक ऊर्जा वाया जाते, वरच्या पायरीला साधारण दहावा हिस्साच पोचतो. म्हणून माणसाने मोठे मासे सोडून थेट क्रिल खावा, त्यात नासाडी कमी, असे सांगितले जाते. निळ्या देवमाशाच्या एका दिवसाच्या आहारात लाखो क्रिल असतात. जीव मोजायचे तर क्रिल खाणे सर्वांत हिंसक, ऊर्जा मोजायची तर सर्वांत काटकसरीचे. दोन्ही मोजमापे खरी आहेत आणि एकाने दुसरे रद्द होत नाही. धर्मव्याधाने केले तसे ही अडचण उघडपणे मान्य करणे हेच सचोटीचे.

झीज भरून काढायची तर ती कशी, हा प्रश्न प्रत्यक्षात किती अवघड आहे याचे एक उदाहरण भारतीय आहे. २००९च्या सुरुवातीला गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था यांनी ‘लोहाफेक्स’ हा प्रयोग केला. वाजिह नक्वी आणि व्हिक्टर स्मेटासेक त्याचे प्रमुख होते. दक्षिण अटलांटिकच्या सुमारे ३०० चौरस किलोमीटर पाण्यात लोहक्षार सोडून प्लवक वाढते का, आणि त्याबरोबर कार्बन खोल जातो का, हे पाहायचे होते. प्लवक वाढले, पण बेताने. त्या पाण्यात सिलिका जवळजवळ नव्हती, त्यामुळे डायटमांचा बहर आलाच नाही. जे लहान शैवाल वाढले ते प्राणिप्लवकाने भराभर खाऊन टाकले आणि खोल गेलेला कार्बन नगण्य ठरला. प्रयोग विज्ञानाच्या दृष्टीने यशस्वी होता, कारण त्याने एक भ्रम दूर केला. देवमाशाचे काम पिंपातल्या लोहाने होत नाही. परत देण्याची क्रिया पदार्थाइतकीच जागेवर, वेळेवर आणि सोबतच्या इतर परिस्थितीवर अवलंबून असते. ज्या सृष्टीची झीज भरायची तिची घडण न समजता केलेली भरपाई ही यज्ञाची नक्कल होते.

मग माणसाच्या हाती मुख्यतः एकच मार्ग उरतो: कमी घेणे, आणि इतरांचा वाटा आधी काढून ठेवणे. गीतेत यज्ञ झाल्यावर उरलेले अन्न खाणाऱ्याला निर्दोष म्हटले आहे. हा विचार आंतरराष्ट्रीय कायद्याच्या भाषेत, अगदी स्वतंत्रपणे, १९८० साली आला. अंटार्क्टिक सागरी सजीव संपदेच्या संरक्षणाचा करार त्या वर्षी झाला आणि १९८२ साली लागू झाला. भारत १९८६ पासून त्याच्या आयोगाचा सदस्य आहे. या कराराचे दुसरे कलम सांगते की पकडायच्या जातीचा विचार एकटीचा करू नये; तिच्यावर जगणाऱ्या जातींशी असलेले तिचे नाते टिकले पाहिजे. क्रिलची मर्यादा ठरवताना त्याचा सुमारे तीन चतुर्थांश साठा भक्षकांसाठी समुद्रातच राहावा, असे सूत्र त्यातून निघाले. पेंग्विन, सील आणि देवमासे जेवून उरेल त्यातला थोडा भाग माणसाचा. मासेमारीच्या इतिहासात माणसाने स्वतःला पंगतीत शेवटी बसवल्याचे असे उदाहरण दुर्मीळ आहे.

आचरण मात्र सूत्राच्या मागे आहे. क्रिल आज मुख्यतः मत्स्यशेतीच्या खाद्यासाठी आणि तेलाच्या कॅप्सूलसाठी काढला जातो, आणि नॉर्वे व चीन यांच्या जहाजांचा त्यात मोठा वाटा आहे. नैर्ऋत्य अटलांटिकसाठी वर्षाला ६,२०,००० टनांची मर्यादा आहे. एकूण साठ्यापुढे हा आकडा लहान वाटतो, पण पकड सगळ्या समुद्रावर सारखी पसरलेली नसते. पेंग्विन आणि देवमासे जिथे चरतात, त्याच पट्ट्यांत जहाजेही जातात. ही पकड वेगवेगळ्या विभागांत वाटून देणारा नियम २०२४ अखेर मुदत संपून गेला आणि त्याच्या जागी दुसरा ठरला नाही. २०२५च्या हंगामात मर्यादा प्रथमच गाठली गेली आणि मासेमारी मुदतीआधी थांबवावी लागली. क्रिलचा थवा दक्षिणेकडे सरकत असताना आणि बर्फ आखडत असताना, जुन्या परिस्थितीवर बेतलेला वाटा तसाच ठेवणे म्हणजे पाहुणे वाढले की घटले हे न पाहता पान वाढणे होय.

राखीव सागरी क्षेत्रांचा मार्गही अर्ध्यावर आहे. रॉस समुद्रातले क्षेत्र २०१६ साली मंजूर झाले. पूर्व अंटार्क्टिका आणि वेडेल समुद्रातल्या क्षेत्रांच्या प्रस्तावांना २०२१ साली भारताने सहप्रस्तावक होण्याची तयारी दाखवली. आयोगाचे निर्णय सर्व सदस्यांच्या एकमताने होतात. एकाही देशाने अडवले की प्रस्ताव थांबतो, आणि हे प्रस्ताव वर्षानुवर्षे तसेच थांबले आहेत. भारताच्या मैत्री आणि भारती या दोन संशोधन स्थानकांपैकी भारती याच पूर्व अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावर, लार्समन टेकड्यांत, २०१२ पासून काम करत आहे. १९९५-९६ साली ‘सागर संपदा’ जहाजावरून भारताची पहिली क्रिल मोहीम याच महासागरात गेली होती, आणि तिचा उद्देश या साठ्याचा अभ्यास करण्याबरोबर तो कितपत वापरता येईल हे पाहणे हाही होता. तीन दशकांत त्याच देशाने तिथे राखीव क्षेत्र मागण्यापर्यंत मजल मारली आहे. त्या मागणीचे पुढे काय होते, हे आयोगाच्या होबार्ट येथे दरवर्षी ऑक्टोबरमध्ये भरणाऱ्या बैठकीत ठरेल.